थांबायचं कुणी?

मेढ्यात जुलै-ऑगस्टमध्ये वीज जाणं ही बातमी नसते. पाऊस आठ-आठ दिवस हटत नाही, कुठेतरी झाड तारेवर पडतं आणि मग वायरमनची वाट बघायची. घरात इन्व्हर्टर आहे, पण आजीला दमा आहे आणि तिचा नेब्युलायझर त्यावर चालतो. आईचा नियम सरळ आहे : "तुझं तू लॅपटॉपच्या बॅटरीवर भागव. इन्व्हर्टर आजीचा." मी पुण्यातल्या एका कंपनीसाठी घरून काम करतो. हे काम नीट चालतंय तोवरच मला मेढ्यात राहता येणार. त्यामुळे बॅटरी किती तास पुरते, यावर मी कुठे राहायचं ते ठरतं.

म्हणून मी लिनक्सच्या सेटिंग्जमध्ये शिरलो. पुढचे काही मिलिसेकंद प्रोसेसर कोणत्या कामाला द्यायचा, हे शेड्युलर ठरवतो. प्रोसेसर किती वेगाने पळवायचा, हे गव्हर्नर ठरवतो.

वेग कमी केला की बॅटरी वाचते, असं आपल्याला वाटतं. ते अर्धंच खरं आहे. चिपला लागणारी पॉवर फ्रिक्वेन्सीच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं. त्यामुळे टर्बोमधला शेवटचा थोडासा वेग फार महाग पडतो. पण अगदीच रांगत चालवलं तर काम लांबतं आणि तेवढा वेळ स्क्रीन, रॅम, वायफाय वीज खात बसतात. कधी कधी काम झटपट उरकून प्रोसेसरला गाढ झोपवणंच स्वस्त पडतं. स्वस्त वेग बहुतेक वेळा मधेच कुठेतरी सापडतो, आणि तो मोजूनच शोधावा लागतो.

माझं गणित असं बसलं : वीज गेली की टर्बो बंद. कोडचा बिल्ड दोनच कोअरवर, आणि त्याला नाइस १९. नाइसचा आकडा उणे २० पासून १९ पर्यंत असतो. जितका मोठा, तितकं ते काम इतरांना पुढे जाऊ देतं. बिल्ड रेंगाळतो, पण मीटिंगमधला आवाज तुटत नाही.

यात एक गोष्ट लक्षात आली. वीज वाचली ती टर्बो बंद केल्याने. नाइसने फक्त एवढंच ठरवलं, की त्या बचतीची किंमत कोण मोजणार. तुमच्या फोनमध्येही हेच चालतं. तिथे छोटे आणि मोठे कोअर असतात. कोणतं काम कुठे टाकलं तर किती ऊर्जा जाईल याचा हिशोब करणारी सोय लिनक्समध्ये २०१९ मध्ये, ५.० आवृत्तीत आली. तुम्ही स्क्रोल करत असता आणि मागे कुठलंतरी अॅप गुपचूप थांबलेलं असतं.

हाच हिशोब आमच्या डोंगरापलीकडे फार मोठ्या मापात चालतो. बामणोलीला दिसतं ते कोयनेचं पाणी. शिवसागर जलाशयात साधारण १०५ टीएमसी मावतं; त्यातलं पश्चिमेकडे विजेसाठी वर्षाला ६७.५ टीएमसी वळवायची परवानगी आहे. ही झाली वर्षाची बॅटरी. कोळशाचा संच थंड पडला तर सुरू व्हायला तास लागतात, पाण्यावरचा काही मिनिटांत सुरू होतो. म्हणून कोयना सतत पूर्ण ताकदीने चालवत नाहीत. राज्याची मागणी चढते तेव्हा तिला हाक मारतात. म्हणजे हा महाराष्ट्राचा टर्बो, आणि तो जपूनच वापरायचा.

पण त्या पाण्याखाली जावळी तालुक्यातलीही गावं आहेत. माणसं उठून दूरच्या जिल्ह्यांत गेली. धरण १९६० च्या दशकात उभं राहिलं, आणि त्यानंतर कित्येक दशकं कोयनेचे धरणग्रस्त जमिनीच्या मागणीसाठी आंदोलनं करत राहिले.

रांगेतल्या एखाद्या कामाची पाळी येतच नाही, याला आमच्या धंद्यात उपासमार म्हणतात. २००७ पासून लिनक्समध्ये जो शेड्युलर होता, तो ज्याला सर्वांत कमी वेळ मिळालाय त्याला पुढे घ्यायचा. २०२३ मध्ये ६.६ आवृत्तीपासून त्याची जागा नव्या पद्धतीने घेतली. तिच्यात प्रत्येक कामाच्या नावावर 'लॅग' लिहिलेला असतो : वाट्याला किती यायला हवं होतं आणि प्रत्यक्षात किती मिळालं, यातला फरक. ज्याचं येणं बाकी आहे, त्यालाच पुढच्या पाळीचा हक्क मिळतो.

कोणत्याही शेड्युलरला नवी वीज तयार करता येत नाही. पुरेसं नसेल तेव्हा कुणालातरी थांबवावंच लागतं, आणि आमच्या घरात मी थांबतो ते मला पटतं. थांबणाऱ्याचं येणं कुठेतरी लिहून ठेवलं जावं, एवढंच मागणं आहे. कर्नलमध्ये ते दर काही मिलिसेकंदांनी होतं. डोंगरापलीकडच्या माणसांना स्वतःचं येणं स्वतःच लक्षात ठेवावं लागलं, आणि ते त्यांना पुढच्या पिढीलाही शिकवावं लागलं.