पाच कमी, पण कशातून?

विट्याच्या आमच्या शाळेत सेमी-इंग्रजीची तुकडी निघाली तेव्हा आम्हा गणिताच्या शिक्षकांना धास्ती होती ती अवघड शब्दांची. न्यूमरेटर, डिनॉमिनेटर, सायमल्टेनियस इक्वेशन्स हे सगळं मराठी माध्यमातून आलेल्या पोरांच्या तोंडी कसं बसणार? प्रत्यक्षात ते आठवडाभरात बसलं. अंश म्हणजे न्यूमरेटर, छेद म्हणजे डिनॉमिनेटर, संपला विषय. अडलं ते भलतीकडेच. मोअर, लेस, दॅन, टाइम्स, लीस्ट हे शब्द पोरांना प्राथमिक शाळेपासून पाठ होते, आणि गाडी रुतायची ती नेमकी तिथेच.

फळ्यावर ‘फाइव्ह लेस दॅन एक्स’ लिहावं आणि याची बैजिक राशी करा म्हणावं. वह्या तपासायला घेतल्या की ओळीने ‘५ − एक्स’. बरोबर उत्तर ‘एक्स − ५’. बरं, ही पोरं वजाबाकीत कच्ची नसतात. लेस म्हणजे कमी, कमी म्हणजे वजा, इथपर्यंत त्यांचं सगळं ठीक असतं. वाक्य ज्या क्रमाने डोळ्यांसमोर येतं त्याच क्रमाने ती चिन्हं मांडत जातात. आधी पाच, मग वजा, मग एक्स.

आता हेच मराठीत म्हणून बघा: ‘एक्सपेक्षा पाचने कमी’. आधी एक्स, मग पाच, मग कमी. वाक्य आहे तसं उतरवून काढलं तरी राशी बरोबरच येते. ज्याच्याशी तुलना करायची ते मराठीत ‘पेक्षा’ लावून आधी येतं, इंग्रजीत ते ‘दॅन’च्या मागे, शेवटी जाऊन बसतं. मराठी माध्यमात शिकवताना या गोष्टीकडे माझं कधी लक्ष गेलं नव्हतं, कारण तिथे ती आडवीच येत नव्हती.

एकदा आठवीतली एक मुलगी वही घेऊन टेबलापाशी आली. घरी गलाईचा व्यवसाय. वडील आणि काका दूरच्या शहरात सोनं-चांदी गाळण्याच्या दुकानात, आमच्या खानापूर तालुक्यातल्या कितीतरी घरांसारखे. ती म्हणाली, “मॅडम, काल तुम्ही ‘फाइव्ह इज लेस दॅन एक्स’ला वजाबाकी नाही म्हणालात, आणि आज ‘फाइव्ह लेस दॅन एक्स’ला आहे म्हणताय. एका ‘इज’नं एवढं बदलतं?”

बदलतं खरं. मी तिथल्या तिथे फळ्यावर तीन ओळी लिहिल्या. ‘फाइव्ह इज लेस दॅन एक्स’ म्हणजे पाच हा एक्सपेक्षा लहान आहे. ही नुसती माहिती झाली, यात करायचं काही नाही. ‘फाइव्ह लेस दॅन एक्स’ ही एक संख्या आहे, एक्समधून पाच काढल्यावर उरणारी. आणि ‘फाइव्ह लेस एक्स’ म्हणजे पाचातून एक्स वजा. तिन्ही ओळींत पाच, लेस आणि एक्स याच क्रमाने आलेत. ‘इज’ आणि ‘दॅन’ हे दोन बारके शब्द असतात किंवा नसतात, तेवढ्यावर अर्थ तीन ठिकाणी जातो. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे त्यांना याचं काही वाटत नसेल. आमच्या पोरांचं इंग्रजी मात्र मोठे शब्द धरून चालतं. ‘इज’, ‘ऑफ’, ‘बाय’, ‘दॅन’ त्यांच्या नजरेतून खड्यांसारखे गळून जातात. ‘इन्क्रीज्ड टू ट्वेंटी’ आणि ‘इन्क्रीज्ड बाय ट्वेंटी’ यांतही हाच घोळ. एकात वाढून वीस झाले, दुसऱ्यात विसाने वाढले.

पण ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे त्यांना हे सगळं सोपं जातं का? तसं मुळीच नाही. जॉन क्लेमेंट, जॅक लॉकहेड आणि जॉर्ज मंक यांनी १९८१ साली ‘अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली’त एक लेख लिहिला. अमेरिकेतल्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या १५० मुलांना त्यांनी एक वाक्य दिलं होतं. या विद्यापीठात प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत. विद्यार्थ्यांची संख्या एस, प्राध्यापकांची पी, तर समीकरण मांडा. ३७ टक्के मुलांचं चुकलं. चुकलेल्यांपैकी बहुतेकांनी ‘६ एस = पी’ लिहिलं, म्हणजे नेमकं उलटं. इंग्रजी वाक्यात ‘सिक्स टाइम्स’ आधी येतं, ‘स्टुडंट्स’ त्याला चिकटून येतं आणि ‘प्रोफेसर्स’ शेवटी. मुलांनी वाक्य होतं तसं उचलून ठेवलं. ही कॅल्क्युलस शिकणारी मुलं होती, हे लक्षात घ्या.

वर मी ते वाक्य मराठीत दिलं आहे, ते पुन्हा वाचा. ‘प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी’. पी, गुणिले सहा, बरोबर एस. आमच्या भाषेत वाक्याचा क्रम आणि समीकरणाचा क्रम पुन्हा एकच.

यावरून कुणी मराठीचा झेंडा घेऊन निघू नये. याच अभ्यासातलं दुसरं कारण भाषेच्या क्रमाचं नाही. काही मुलं एस म्हणजे विद्यार्थ्यांची ‘संख्या’ असं न समजता एस म्हणजे ‘विद्यार्थी’ असं समजतात, आणि सहा विद्यार्थी एका प्राध्यापकासमोर बसवून मोकळी होतात. हे मराठीतही होतं. ‘दर शिक्षकामागे सहा विद्यार्थी’ असं वाक्य दिलं की माझ्या वर्गात तीच उलटापालट. आणखी एक. ‘रमेशचं वय १२. तो सुरेशपेक्षा ५ वर्षांनी लहान आहे. सुरेशचं वय किती?’ या शुद्ध मराठी उदाहरणाचं उत्तरही दरवर्षी काही वह्यांत सात येतं. ‘लहान’ दिसलं की वजा करायचं, ही खूणगाठ आम्हीच तिसरी-चौथीत मारून दिलेली असते. ‘की वर्ड’ शिकवण्याची ही पद्धत माझ्या मते गणिताच्या शिकवणीतली सगळ्यांत वाईट गोष्ट आहे, आणि गाइडवाले ती चौकटी करकरून छापतात.

‘ॲट लीस्ट’ची गंमत वेगळी. ‘लीस्ट’ दिसलं की लहान, म्हणून मुलं असमानतेचं तोंड उलट्या बाजूला करतात. इथे मराठीचीही मदत होत नाही, कारण ‘कमीत कमी’मध्ये कमी दोनदा आहे. पण लग्नाला कमीत कमी पाचशे माणूस होतं असं सांगितलं तर पाचशेच्या खाली कुणी मोजत नाही. मग मी वर्गाला विचारते, दहावीला पास व्हायला ‘ॲट लीस्ट थर्टी-फाइव्ह’ हवेत, तर चौतीस चालतील का? या प्रश्नाचं उत्तर अख्ख्या वर्गाला येतं, शेवटच्या बाकासकट.

अपूर्णांकांचं एक उदाहरण मी सातवीत आवर्जून सांगते. अमेरिकेतल्या ‘ए अँड डब्ल्यू’ या हॉटेलसाखळीने १९८०च्या दशकात एक तृतीयांश पौंड मांसाचा बर्गर काढला. मॅकडॉनल्ड्सच्या पाव पौंडाच्या बर्गरला टक्कर द्यायची होती. मांस जास्त, किंमत तेवढीच, तरी तो चालेना. मालक आल्फ्रेड टॉबमन यांनी आपल्या आत्मचरित्रात कारण दिलंय: गिऱ्हाइकांना बोलावून विचारलं तेव्हा अर्ध्याहून जास्त जणांना वाटत होतं की तीन चारपेक्षा लहान, म्हणून एक तृतीयांश पावापेक्षा कमी. पोरं हसतात. मग मी विचारते, पाव किलो तुम्ही रोज आणता, एक तृतीयांश किलो कुणी कधी मागितलंय का? कुणीच नाही. आमच्या आजीच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी पाठ असायची. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, तोही. तृतीयांशाचा पाढा मात्र नव्हता. जे मापात नाही ते कानाला मोठं की लहान लागत नाही.

आता ‘थ्री टाइम्स मोअर’. बारा रुपयांच्या ‘थ्री टाइम्स मोअर’ किती? आमच्या स्टाफरूममध्ये यावर दोन तट आहेत. एक म्हणतो छत्तीस. दुसरा म्हणतो, मूळचे बारा आणि वर छत्तीस ‘मोअर’, म्हणून अठ्ठेचाळीस. इंग्रजी बोलणारे बहुतेक लोक छत्तीसच समजतात, आणि मेरियम-वेबस्टरचा इंग्रजी वापराचा कोशही तोच अर्थ धरतो. तरी परीक्षेच्या कागदावर ही शब्दयोजना नको, असं माझं ठाम मत. मराठीत ‘ने’ आणि ‘पट’ यांची कामं वेगवेगळी आहेत. पाचने जास्त म्हणजे फरक, पाचपट म्हणजे गुणाकार. पण इंग्रजी बातमी मराठीत आणताना आपल्याकडे ‘तीनपटीने जास्त’ लिहायला लागले आणि तोच गोंधळ आपण घरात घेतला. ‘तीनपट कमी’ तर त्याहून थोर. पट म्हटलं की वाढ. एक तृतीयांश उरलं असं सरळ म्हणता येतं.

टक्क्यांचं प्रकरण त्या गलाईवाल्या मुलीनेच पुढे दहावीत सोपं करून दिलं. बावीस कॅरेट म्हणजे चोविसात बावीस भाग सोनं, म्हणून हॉलमार्कवर ९१६. अठरा कॅरेट म्हणजे ७५०, पाऊण सोनं. आता अठरा कॅरेटमध्ये बावीसपेक्षा किती टक्के सोनं कमी? कुणी ९१.६७ मधून ७५ वजा करून १६.६७ सांगितलं. ती म्हणाली, “बाविसात चार कमी झाले ना? मग अठरा टक्के.” दोन्ही उत्तरं आपापल्या जागी बरोबर आहेत. पहिला टक्केवारीतला फरक, इंग्रजीत ‘पर्सेंटेज पॉइंट’. दुसरा मूळच्या मानाने झालेली घट, ‘पर्सेंट’. बोलण्यात दोन्हींना टक्केच म्हणतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर ६.५० वरून ६.२५ वर आणला. वर्तमानपत्रांनी लिहिलं पाव टक्का कपात. आमच्या एका सहकाऱ्याने सहा पूर्णांक पाचचा पाव टक्का काढला, आणि हप्त्यात पैसेही कमी होणार नाहीत म्हणून खट्टू झाला. मूळच्या मानाने ती घट जवळजवळ चार टक्के होती.

ब्रिटनमध्ये याच घोळाची किंमत फार मोठी पडली. ही हकिकत मी वर्गात नाही, स्टाफरूममध्ये सांगते. ऑक्टोबर १९९५ मध्ये तिथल्या औषधसुरक्षा समितीने इशारा दिला की काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. दुप्पट हे खरंच होतं. जुन्या गोळीवर दर सात हजार बायकांमागे साधारण एकीला व्हायचं, ते नव्या गोळीवर दोघींना. पण कानावर आलं फक्त ‘दुप्पट’, ‘शंभर टक्के वाढ’. हजारो बायकांनी गोळ्या टाकल्या आणि पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये अंदाजे तेरा हजार गर्भपात जास्त झाले. गुठळीचा धोका गरोदरपणात त्या गोळीपेक्षाही जास्त असतो, हे कुणी सांगत बसलं नाही.

आमच्या बाजारपेठेत दिवाळीआधी कपड्यांच्या दुकानांवर ‘५०% + २०% ऑफ’ लागतं. शंभराचे पन्नास, पन्नासाचे चाळीस, म्हणजे सूट साठ टक्के. वर्गाचा पहिला आवाज दरवेळी सत्तरचा असतो. साबणाच्या पुडीवरचं ‘२५% एक्स्ट्रा’ आणि ‘२०% ऑफ’ हे दर ग्रॅमला एकच पडतं, हे मात्र त्यांना गणित करूनही पटत नाही. एक पोरगा म्हणाला, “मॅडम, पंचवीस हे विसापेक्षा जास्त असतंय.” त्याला मी सव्वाशे ग्रॅमची पुडी आणि ऐंशी रुपये कागदावर मांडायला लावले, तेव्हा गप्प झाला. पटलं की नाही ते माहीत नाही.

वर्गात आता मी एक नियम ठेवला आहे. तुलनेचं वाक्य आलं की चिन्ह लिहायच्या आधी समासात एकच गोष्ट लिहायची: मोठं कोण. प्राध्यापक जास्त की विद्यार्थी? विद्यार्थी. मग ज्याला सहाने गुणायचं ते लहान असलं पाहिजे. समीकरण झालं की सोपी संख्या घालून बघायची. प्राध्यापक दहा, विद्यार्थी साठ; ‘६ एस = पी’त घातलं तर एका बाजूला तीनशे साठ आणि दुसऱ्या बाजूला दहा. चूक पोराला स्वतःला दिसते, मला लाल शाई काढावी लागत नाही. यात वेळ जातो. पोर्शन मागे पडतो म्हणून मुख्याध्यापकांची बोलणीही खावी लागतात.

सेमी-इंग्रजीला गणित शिकवणाऱ्या सहकाऱ्यांना माझी एक विनंती आहे. घटक चाचणीचा पेपर तुम्ही स्वतः काढता. त्यात तुलनेचं शाब्दिक उदाहरण असेल तर इंग्रजी वाक्याखाली तेच वाक्य मराठीत एका ओळीत छापा. आपण गणिताची परीक्षा घेतोय, ‘दॅन’ आणि ‘बाय’ची नाही. आणि घरी अभ्यास घेणाऱ्या आईबाबांनी उत्तर चुकलं म्हणून लगेच पाढे म्हणायला बसवू नये. आधी पोराला ते वाक्य मराठीत सांगायला लावा.