जळका ऊस आणि पोच

चार वर्षांपूर्वी फेब्रुवारीत मामूंचा फोन आला तेव्हा मी कराडला होतो. वाळवा तालुक्यातल्या त्यांच्या शेतावर पोहोचलो, तोवर दीड एकर ऊस जळून गेला होता. वरच्या तारांना कित्येक महिने झोळ पडलेला. वारं सुटलं, तारा एकमेकींना घासल्या आणि ठिणग्या पाचटावर पडल्या. ठिबकच्या नळ्या वितळून मातीला चिकटल्या होत्या.

मामू म्हणाले, "तकदीर है बेटा. पहले टोळी का देख."

त्यांचंही बरोबर होतं. जळका ऊस थांबत नाही, रोज वजन आणि उतारा घटतो. म्हणून सगळी धावपळ तोडीसाठी. पण तोड झाली की पुरावाही उसाबरोबर गव्हाणीत जातो. मी हट्टानं तलाठ्याचा पंचनामा करून घेतला, झोळाचे फोटो काढले, पोलिसांत जळिताची नोंद केली, विद्युत निरीक्षकांकडे अर्ज दिला. कारखान्यानं जळीत म्हणून कपात केली, ती पावतीही जपून ठेवली. त्याच आगीत आणखी चौघांचा ऊस गेला होता. त्यांनी तोड उरकली आणि विषय सोडून दिला.

वीज कंपनीचं उत्तर आलं : शेतकऱ्यानंच पाचट पेटवलं असावं.

कायदा मात्र इतका कोरडा नाही. मध्य प्रदेशात रस्त्यावर पडलेल्या तारेनं एक सायकलस्वार दगावला. कुणीतरी वीजचोरीसाठी तार ओढली होती, असा वीज मंडळाचा बचाव होता. 2002 मध्ये सुप्रीम कोर्टानं तो फेटाळला. इतकी धोकादायक गोष्ट जो वाहून नेतो, त्याचा निष्काळजीपणा सिद्ध झाला नाही तरी जबाबदारी त्याचीच. तिथं माणूस गेला होता, इथं ऊस; पण आमच्या वकिलांनी तोच धागा धरला. शेतीपंपाची जोडणी असल्यानं मामू ग्राहकही ठरतात, म्हणून सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या मुदतीत तक्रार दाखल केली.

ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात 7 फेब्रुवारी 2009 रोजी किलमोर ईस्टजवळ जुनी वीजतार तुटून वणवा पेटला, 119 माणसं गेली. तारेवर आकाशातली वीज पडली होती, असं कंपनी म्हणत होती. तिथंही तकदीरच! पण हजारो घर-शेतमालकांनी एकत्र दावा लावला आणि 2014 मध्ये सुमारे 49 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरवर तडजोड झाली. एकाच कारणानं नुकसान झालेल्यांना मिळून तक्रार करण्याची सोय आपल्या ग्राहक कायद्यातही आहे. आमच्या बांधावर मात्र पाचजण एकत्र आले नाहीत.

सुनावणीत एकच प्रश्न आम्हाला अडला. झोळाबद्दल आधी कळवलं होतं का? मामूंनी वायरमनला तीनदा सांगितलं होतं, पण तोंडी. तो चहा पिऊन जायचा.

निकाल अजून नाही. तारखेला मामू साताऱ्याच्या लेकीकडचा मुक्काम मोडूनही सांगलीला जातात. मागच्या महिन्यात विहिरीजवळचा खांब कलला, तेव्हा त्यांनी मला फोन केला नाही. नातवाकडून अर्ज लिहून घेतला, सबस्टेशनला दिला आणि शिक्का मारलेली पोच सातबाऱ्याच्या पत्र्याच्या पेटीत ठेवली.