इथेनॉल आणि आमचा छोटा हत्ती

आमचा छोटा हत्ती टेम्पो पेट्रोलवरचा. नात्याहून महाडच्या बाजारापर्यंत भाताची पोती, भाजी, कधी रायगडाकडे निघालेल्यांचं सामान. तो निव्वळ इथेनॉलवर चालवावा, हा विचार काही दिवस डोक्यातून जात नाही.

आज गॅरेजवाल्या दादांशी बराच वेळ बोललो. एक किलो पेट्रोल जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला जेमतेम ९. म्हणजे तेवढ्याच हवेत इंधन जास्त सोडायला हवं. इंजेक्टर मोठे, इंजिनाच्या संगणकाची, म्हणजे ईसीयूची, मांडणी नवी. शिवाय लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांशच, अ‍ॅव्हरेज पडणारच. दादांनी पेट्रोलचा जुना पाइप बोटांत वाकवला. रबरावर बारीक भेगा. "आधी हे बदला, मग पुढचं बोलू."

मला धास्ती पावसाची. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि गांधारी नदीच्या काठी जुलैत घराच्या भिंतीसुद्धा ओलावतात. पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉल तर पाणी वाढलं की वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं.

ब्राझीलने १९७५ पासून उसाच्या इथेनॉलचा रस्ता धरला, २००३ पासून तिथे कुठल्याही मिश्रणावर धावणाऱ्या गाड्या विकल्या जातात. आपल्याकडे ऊस घाटावर, इथे भात. तांदळाच्या कणीपासूनही इथेनॉल होतं, हे मला महत्त्वाचं वाटतं. पण खाण्याजोगा तांदूळ टाकीत जाऊ नये, असं मला अगदी मनापासून वाटतं.

पाइप मात्र मिरगाआधी बदलून घेणार.