इंपालाच्या सीटवरचे बारदान

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रविवारचा दिवस होता. आम्ही जळगावच्या घरी वस्तीतल्या मुलांचे शिष्यवृत्तीचे कागद तपासत बसलो होतो. एवढ्यात धुळ्याहून आमचा भाचा आला. धुळ्यात त्याचा मंडप-डेकोरेशनचा छोटासा धंदा आहे. पोरगा कष्टाळू, निर्व्यसनी. पाण्याचा तांब्या हातात घेण्याआधीच त्याने मोबाईल आमच्यापुढे धरला.

"मामा, ही गाडी बघा. तुमच्याच जळगावात विकायला निघाली आहे."

फोटोत फिक्या निळ्या रंगाची एक लांबलचक गाडी होती. शेव्हरोलेट इंपाला, मॉडेल १९६५. मागणी साडेआठ लाखांची. भाच्याजवळ तीन लाख जमले होते. उरलेले पतपेढीतून काढायचे आणि जामीनदार म्हणून सही आमची घ्यायची, असा त्याचा बेत होता. लग्नसराईत नवरदेव मिरवायला गाडी भाड्याने द्यायची आणि चार वर्षांत कर्ज फेडायचे, हा त्याचा हिशेब.

आम्ही पडलो कारकून. जामीनदार हा शब्द कानावर आला की आमच्या पोटात गोळा येतो. काय उत्तर द्यावे याचा विचार करतो तोच शेजारी बसलेल्या आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, मोबाईल मागून घेतला. चष्मा चढवून बराच वेळ ते फोटो न्याहाळत राहिले. मग हळूच म्हणाले, "हाई गाडी मना हातखालनी शे."

आम्ही दोघेही त्यांच्याकडे पाहतच राहिलो.

१९७२ च्या दुष्काळात गाव सोडून आबा जळगावला आले. वय विशीचे. एका गॅरेजमध्ये हेल्पर म्हणून लागले. आधी नट-बोल्ट धुणे, मग पान्हे उचलून देणे, मग इंजिन. त्या काळी परदेशी मोटार आणणे सोपे नव्हते. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सचा कारखाना होता. तिथे १९२८ पासून शेव्हरोलेट जोडल्या जात, पण तो १९५४ साली बंद झाला. कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात डॉज आणि प्लिमथ जोडल्या जात. इंपालासारखी गाडी मात्र बहुधा परदेशी वकिलातीची वापरलेली, स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकलेली असे. ही निळी गाडीही तशीच दिल्लीहून एका धनिकाकडे आली होती.

वाचकांना गंमत वाटेल, पण ही गाडी तिच्या देशात राजेरजवाड्यांची नव्हती. १९६५ च्या मॉडेलच्या दहा लाखांहून जास्त इंपाला अमेरिकेत विकल्या गेल्या. तिकडे ती कारकुनाच्या, कामगाराच्याही दारात उभी असे. आपल्याकडे आली आणि तिला सोवळे लागले.

ते सोवळे आबांनी पाहिले आहे. गाडी गॅरेजला आली की कार्बोरेटर खोलायचे आबा, पॉइंट साफ करायचे आबा, आणि टायमिंग लावायचेही आबाच. पण दुरुस्तीनंतर चालवून बघायची वेळ आली की मालकाचा माणूस आधी सीटवर बारदान अंथरायचा. कपड्यांचे तेल लागू नये म्हणून असेल, असे आबांना आधी वाटले. पुढे लक्षात आले की दुसऱ्या मिस्त्रीचे कपडे तितकेच तेलकट असूनही त्याला बारदान लागत नसे. आबा त्या बारदानावर बसूनच गाडी चालवायचे. उतरले की बारदान उचलून झटकले जाई. ही गोष्ट आबांनी आम्हाला पंचेचाळीस वर्षांत कधी सांगितली नव्हती.

भाच्याचे डोळे लाल झाले. तो म्हणाला, "आबा, मग तर घेतलीच पाहिजे! मामा, आपल्या चाळीसगावात बाबासाहेबांना टांगेवाल्यांनी नकार दिला होता. आज आपला नवरदेव इंपालात बसून मिरवला तर काय बिघडले?"

खरे सांगतो, या बोलण्याला आमच्यापाशी उत्तर नव्हते. चाळीसगावचा प्रसंग आपल्या घराघरांत ठाऊक आहे. १९२९ साली अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य म्हणून बाबासाहेब खानदेशात आले होते. धुळे लाईनवरच्या एका गावी बहिष्काराची चौकशी करून ते चाळीसगावला परतले. महारवाडा स्टेशनापासून दोन मैलांवर. एकही टांगेवाला त्यांना बसवून न्यायला तयार होईना. शेवटी तोड निघाली, की टांगा भाड्याने मिळेल, पण हाकणारा तुमचा तुम्ही आणा. आपल्यातलाच एक माणूस हाकायला बसला. त्याला सवय नव्हती. वाटेत एका मोटारीशी टक्कर होता होता वाचली. पुढे नदीवरच्या फरशीवर चाक दगडावर आदळले, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले, घोडा आणि टांगा खाली नदीत. बाबासाहेबांचा पाय मोडला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लिखाणात त्यांनी हे सारे स्वतः लिहून ठेवले आहे.

आबा शांतपणे म्हणाले, "अरे, टांगा तर मिळाला होता. हाकणारा नव्हता. गाडी घेशील, पण तिचे तुला काय कळते? चल, आधी बघून येऊ."

दुसऱ्या रविवारी आम्ही तिघे गेलो. आबांनी सोबत जुन्या स्पीकरचे चुंबक फडक्यात गुंडाळून घेतले होते. दलालाने गाडीचे गुणगान सुरू केले. हार्डटॉप आहे, मधला खांब नाही, चारही काचा खाली केल्या की इकडून तिकडे मोकळे! ते खरेच होते. छप्पर पक्क्या पत्र्याचे, पण पुढच्या-मागच्या दरवाजांमध्ये खांब नाही, असे हे मॉडेल. १९४९ पासून जनरल मोटर्सने अशा गाड्या मोठ्या प्रमाणात काढल्या आणि १९७० चे दशक संपता संपता त्या बंदही पडल्या.

आबा म्हणाले, "खांब नाही म्हणून तर दरवाजे लोंबतात, काचेच्या रबरातून पाणी आत येते आणि तळ सडतो." त्यांनी चुंबक पत्र्यावरून फिरवायला सुरुवात केली. बॉनेटला घट्ट चिकटले. दरवाजांच्या खालच्या पट्टीला मात्र चिकटेचना, घसरून हातात आले. तिथे पत्रा उरलाच नव्हता, पुट्टी भरून वर रंग मारलेला. आतली मॅटिंग उचलली तर खालची जमीन दिसली. इंजिन सुरू केल्यावर आबांनी डोळे मिटून आवाज ऐकला. "आठातला एक सिलिंडर मिस करतोय. इंजिन दुरुस्त होईल. बॉडीला मात्र गाडीइतकाच पैसा लागेल."

उरलेला हिशेब आम्ही घरी वहीवर मांडला. लिटरला जेमतेम पाच किलोमीटर. जळगाव ते धुळे नव्वद किलोमीटर धरले, तरी जाऊन-येऊन छत्तीस लिटर पेट्रोल, म्हणजे छत्तीसशे रुपयांच्या वर. शिवाय २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांपुढची गाडी विंटेज म्हणून नोंदवली, तर ती प्रदर्शन, रॅली अशा कामांसाठीच रस्त्यावर काढता येते, धंद्यासाठी नाही. साध्या खासगी नोंदणीवरही गाडी भाड्याने देणे नियमात बसत नाही. भाच्याने वही दोनदा वाचली. "मामा, सही नका करू," एवढेच म्हणाला आणि धुळ्याची बस धरली. त्याचे पडलेले तोंड पाहून आम्हालाही वाईट वाटले. त्याची इच्छा चुकीची नव्हती, सौदा चुकीचा होता.

पुढे महिन्याभराने ती गाडी पुण्याच्या एका शौकिनाने घेतली. नेण्याआधी इंजिन चालू स्थितीत हवे होते, पण जुने कार्बोरेटर कोणाला उमजेना. दलालाला आबा आठवले. आबांनी दोन दिवस काम केले. एकुणसाठ वर्षांच्या त्या इंजिनाचे आठही सिलिंडर एका सुरात बोलू लागले. नव्या मालकाने स्वतः दार उघडले आणि म्हणाला, "काका, बसा. तुम्हीच चालवून बघा."

आम्ही तिथेच उभे होतो. आबांनी सीटकडे पाहिले, क्षणभर थांबले. मग खिशातला रुमाल काढून त्यांनी स्वतःचे हात पुसले आणि सीटवर बसले. मध्ये काही अंथरलेले नव्हते. गाडी कॉलनीला एक फेरी मारून आली.

मालकाने मजुरी विचारली. आबांनी आमच्याकडे बोट केले. आम्ही रीतसर बिल लिहिले: 'कार्बोरेटर दुरुस्ती व टायमिंग, दोन दिवस, रुपये चार हजार फक्त.' खाली मिस्त्री म्हणून आबांनी सही केली.

भाचा आता दर रविवारी धुळ्याहून येतो. आबा त्याला इंजिन शिकवतात.