पाणी, पेपर आणि पातं

पेणच्या बाजारात वॉटर पेपर हव्या त्या नंबरचा मिळतो, आणि त्याचं श्रेय गणपतीला. गावभर मूर्तींचे कारखाने, मूर्ती घासायला बारीक पेपर लागतो, म्हणून हार्डवेअरवाले तो गठ्ठ्यांनी भरून ठेवतात. त्याच गठ्ठ्यातला पेपर मी सुऱ्यांसाठी नेतो. दुकानदाराला अजून वाटतं, माझाही मूर्तींचाच धंदा आहे.

धंदा नाही, नाद आहे. नोकरी रोह्याला, धाटावच्या एमआयडीसीत मेंटेनन्सला, घर पेणला. सुट्टीच्या दिवशी मागच्या पडवीत पाती घासत बसतो. लोखंड ट्रकच्या कमानपाट्याचं, कोकणातले लोहार कोयत्याला वापरतात तेच. पाणी देण्याचं, म्हणजे तापवून विझवून कडक करण्याचं काम रोह्याजवळच्या एका लोहारदादांच्या भट्टीवर होतं. टेंपर, म्हणजे ठिसूळपणा थोडा उतरवणं, मात्र घरच्या ओव्हनमध्ये, 200 अंशांच्या आसपास. त्यानंतर खरी परीक्षा सुरू होते, कारण आता पात्यातला कडकपणा सांभाळून घासायचं असतं.

हे एरवी समजावून सांगायला अवघड जातं, पण एका मासेविक्रेत्या ताईंच्या विळीनं काम सोपं केलं. "दादा, हिची धार टिकतच नाय. परवा लावून आणली, आज जिताड्याचं खवलं पण निघत नाय." विळी उन्हात तिरकी धरली, तर धारेलगत निळी रेघ. कुणीतरी कोरड्या चाकावर दाबून ठिणग्या उडवल्या होत्या. लोखंड सव्वादोनशे अंशांच्या आसपास पिवळट दिसू लागतं आणि तीनशेच्या घरात निळं पडतं. म्हणजे निळा दिसेपर्यंत तिथला कडकपणा गेलेला असतो. पेपर मारून निळा पुसता येतो, गेलेला कडकपणा परत येत नाही. धारेचं लोखंड पातळ, उष्णता जायला जागाच नाही, त्यामुळे आधी तीच जळते. मी निळा भाग पूर्ण उतरवून खालच्या चांगल्या लोखंडावर नवी धार काढली. विळी थोडी अरुंद झाली, पण धार टिकली.

माझं मशीन म्हणजे लेथवर फेस करून घेतलेली नऊ इंची ॲल्युमिनियमची सपाट तबकडी, थेट मोटरच्या शाफ्टवर. मोटर थ्री फेज, 1440 आरपीएमची; घरात सिंगल फेज, म्हणून मध्ये व्हीएफडी, म्हणजे सिंगल फेजवरून थ्री फेज देणारा आणि वेग बदलू देणारा ड्राइव्ह. हा खर्च चैन वाटतो, पण पाणी वापरायचं तर वेग कमी करता आलाच पाहिजे. पूर्ण वेगात तबकडीची कड सेकंदाला सतरा मीटर धावते; पाणी पेपरवर थांबतच नाही, सगळं शर्टावर. पाचशेच्या आसपास आणलं की पाण्याचा पातळ थर टिकतो. मात्र इतक्या कमी वेगात मोटरचा स्वतःचा पंखाही मंदावतो, म्हणून मधूनमधून मोटरला हात लावून बघावा. तबकडीच्या मध्यावर वेग जवळपास शून्य. तिथे पातं टेकवलं तर ते कापलं जात नाही, नुसतं चोळलं जातं. आणि तबकडी ज्या बाजूला खाली जाते त्याच बाजूला पातं धरायचं. दुसऱ्या बाजूला ते उचलून तोंडावर येतं.

पाण्यासाठी सलाईनचा नवा सेट लावलाय. त्याचं छोटं चाक फिरवून थेंब कमीजास्त करता येतात. थेंब मध्याजवळ सोडला की फिरण्यानेच तो कडेपर्यंत पसरतो. नुसतं पाणी वापरलं तर कोकणातल्या हवेत पात्यावर तासाभरात तांबूस डाग दिसू लागतात. काहीजण धुण्याचा सोडा घालतात. त्यानं गंज थांबतो खरा, पण सोडा ॲल्युमिनियम खातो, आणि माझी तबकडी ॲल्युमिनियमची. म्हणून लेथवाल्यांचं सोल्युबल ऑइल, साधारण वीस भाग पाण्याला एक भाग. दुधासारखं दिसतं. मे महिन्यात हे मिश्रण लवकर सडून वास मारतं, तेव्हा लागेल तेवढंच बनवावं.

पण माझं ठाम मत असं की पाणी दुसऱ्या नंबरवर, पहिला नंबर ताज्या पेपरचा. मेलेला पेपर कापत नाही, घासतो. घासण्यातून उष्णता होते. मग माणूस जोर वाढवतो आणि पाण्याची धार मोठी करतो. रोग एक, औषध भलतंच. वॉटर पेपरवरचं सिलिकॉन कार्बाइड धारदार पण ठिसूळ असतं, कडक पात्यावर लवकर बोथटतं. पेपर चिकटवायला मी सायकलच्या पंक्चरचं सोल्यूशन वापरतो: दोन्हीकडे पातळ लावून, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत सुकवून, मग मध्यापासून कडेकडे दाबत. हवेचा फुगा राहिला तर पेपर तिथेच उचलतो आणि पात्याची टोकं त्यात अडकतात.

120, 220, 400, 600 असे नंबर चढत जातो. दर वेळी पात्याची दिशा थोडी तिरकी बदलतो, म्हणजे आधीचे ओरखडे आडवे उठून दिसतात. ते पूर्ण गेल्याशिवाय पुढचा नंबर नाही. प्रत्येक बदलाआधी पातं, तबकडी आणि हात धुवायचे. मागच्या नंबरचा एक कण राहिला तरी 600 वर असा ओरखडा येतो की परत 220 ला जावं लागतं.

खाली साठणारा काळा चिखल मोरीत ओतत नाही. बादलीत बसू देतो, वरचं पाणी गाळून परत वापरतो, गाळ वाळवून वेगळा बांधतो. कुंडलिकेच्या काठी नोकरी करणाऱ्याला सांडपाण्याबद्दल वेगळं सांगावं लागत नाही.

हे वाचून कुणी जुन्या मोटरवर तबकडी बसवून पाणी सोडायच्या विचारात असेल, तर त्याला एकच विनंती. मोटर आणि व्हीएफडी पाण्याच्या वाटेतून बाजूला ठेवा, पक्कं अर्थिंग करून घ्या आणि त्या लाइनला 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच लाइन तोडणारा स्विच, बसवा. इलेक्ट्रिशियनकडून तो टेस्ट बटण दाबून तपासून घ्या आणि मगच पहिला थेंब सोडा.