पावती नसलेले आठशे रुपये

जी गोष्ट कायद्याने घ्यावीच लागते, तिच्या किमतीबरोबर तिची दलालीही ठरलेली असावी. ही मागणी मोठी नाही. पण रिक्षा-टेंपोवर पोट असलेल्या घरांना ती कळीची आहे.

1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 146 प्रमाणे थर्ड पार्टी विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही. ते योग्यच आहे. गाडीखाली कुणाचा कर्ता माणूस सापडला तर त्याच्या मुलाबाळांना भरपाई मिळालीच पाहिजे. या विम्याचा दर सरकार ठरवते. कोणत्याही कंपनीत गेलात तरी तो तोच. मात्र अपघाताची भरपाई मोठी असते, म्हणून कंपन्या जुन्या मालगाड्या टाळतात.

माझ्या धाकट्या भावाचा टेंपो 13 वर्षांचा. गेल्या वर्षी एजंटाने हप्त्यावर 800 रुपये वेगळे मागितले. "जुन्या गाडीला कोणी हात लावत नाही, मी आहे म्हणून जमले," तो म्हणाला. भावाने पावती मागितली. "याची पावती नसते दादा!" पासिंगची तारीख तोंडावर होती. भावाने पैसे मोजले. वहिनीने त्या महिन्यात किराणा उधारीवर आणला.

खरे तर हा विमा म्हणजे कुणाची मेहेरबानी नव्हे. अशा गाड्यांचा तोटा सर्व कंपन्यांत वाटला जावा म्हणून 2007 मध्ये सामाईक पूल सुरू झाला. 2012 मध्ये तो बंद करून नाकारलेल्या गाड्यांसाठी वेगळा पूल केला गेला. 2015 च्या दुरुस्तीने विमा कायद्यात कलम 32ड आले आणि थर्ड पार्टी विम्याचा किमान वाटा उचलणे कंपन्यांना बंधनकारक झाले.

एजंटालाही पोट आहे, तोही चार कंपन्यांचे उंबरे झिजवतो. पण त्याचे कमिशन कंपनी देते, तेही आपल्याच हप्त्यातून. अवघड कामाला जादा मोबदला द्यायचाच असेल, तर नियामकाने त्याची मर्यादा ठरवावी आणि रक्कम पॉलिसीवर छापावी. नाहीतर दर सरकारचा आणि वरची रक्कम तोंडी, यात कायदा पाळणारा गरीबच जास्त भरतो.

तोवर भगिनींनो, पॉलिसीवर किती रुपये छापले आणि घरातून किती गेले, हे दोन आकडे वहीत शेजारी-शेजारी लिहा. फरक दिसला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. दाद लागली नाही तर विमा नियामकाचा 155255 हा क्रमांक आहे. तोंडी मागितलेल्या पैशाला लेखी प्रश्न विचारायला शिकूया.