ट्रॅक्टरला डोळे नसतात



उसाचा हंगाम आला की आपल्या जनवाड्याच्या परिसराला वेगळीच जाग येते. पहाटे चारला ट्रॅक्टरचा आवाज आणि रात्री अकरालाही तोच आवाज. मांजरेकाठच्या काळ्या रानातून निघालेली उसाची ट्रॉली नारंजा कारखान्याच्या किंवा भालकीच्या दिशेने झुलत झुलत जाते, आणि तिच्यावर कधी ऊसतोड मजुरांची लेकरे बसलेली असतात, तर कधी आपल्याच शाळेच्या गणवेशातली मुले मडगार्डवर बसून शाळेच्या फाटकापाशी उतरतात. हे दृश्य आपल्या इतके सवयीचे झाले आहे की त्यात काही चुकते आहे असे कुणाला वाटतच नाही. म्हणून या अंकात अभ्यास आणि निकाल बाजूला ठेवून आम्ही ट्रॅक्टरवर लिहिण्याचे ठरवले आहे.

मागे सातवीच्या मुलांनी आम्हाला एक प्रश्न विचारला होता. टीव्हीवर त्यांनी फुगीर टायरांची, चार चाकांची, मोटारसायकलसारखे हॅण्डल असलेली गाडी पाहिली होती. ती वाळूत, चिखलात, डोंगरात कुठेही जाते. "सर, अशी गाडी आपल्याकडे का नाही?" आम्ही म्हणालो, बाळांनो, त्या गाडीला ऑल टेरेन व्हेईकल म्हणतात, म्हणजे कुठल्याही जमिनीवर चालणारे वाहन. अमेरिकेत १९७० च्या सुमारास ती तीन चाकांवर आली आणि लोकांना फार आवडली. परंतु वळताना ती उलटे आणि त्यात मुलांचे बळी फार जात. शेवटी १९८८ साली तिथल्या सरकारशी झालेल्या समझोत्याने तीनचाकी गाड्यांची विक्री थांबली. चारचाकीसाठीही नियम ठरले की मोठ्यांची गाडी मुलांच्या हाती द्यायची नाही आणि एकट्याच्या गाडीवर दुसऱ्याला बसवायचे नाही. आपली कुठेही जाणारी गाडी म्हणजे ट्रॅक्टर. ते त्या गाडीच्या कितीतरी पट वजनाचे आहे आणि हे दोन्ही नियम आपण रोज मोडतो.

का मोडतो, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. आमच्या मते याचे मूळ बैलगाडीत आहे. आपल्याकडे दहा वर्षांचे पोर बैलगाडी हाकत असे आणि त्यात कुणाला वावगे वाटत नसे. वाटायचे कारणही नव्हते. पोराचा डोळा लागला तरी बैल वाटेवरच चालत. ओढ्याचा काठ आला की थांबत. समोर कुणी पडले तर बाजूने जात. गाडीत खरे म्हणजे तीन शहाणे जीव असत, दोन जुवाखाली आणि एक वर. आपण बैल विकले, ट्रॅक्टर घेतला, पण मनातले गणित मात्र बैलगाडीचेच ठेवले. ट्रॅक्टरला डोळे नसतात. त्याला बांध दिसत नाही, माणूस दिसत नाही, मालकाचे लेकरू ओळखू येत नाही. सगळे पाहणे एकट्या चालवणाऱ्यावर येते, आणि तो नववीतला मुलगा असला तर?

हे आम्ही ऐकीव माहितीवर लिहीत नाही. आपल्याच शाळेतला नववीचा एक विद्यार्थी, त्याचे नाव इथे देत नाही, दिवाळीच्या सुट्टीत शेतातून ट्रॅक्टर रस्त्यावर चढवत होता. मागे भरलेली ट्रॉली होती, जमीन परतीच्या पावसाने ओली होती. चढावर ट्रॅक्टर बाजूला घसरला आणि बांधाला कलंडला. मुलाचा पाय मडगार्ड आणि बांध यांच्यामध्ये अडकला. इंजिन चालूच होते आणि वरचे चाक गरगर फिरत होते. शेजारच्या वावरातून त्याची आई धावत आली. तिने किल्ली फिरवली, किल्ली काढूनही घेतली. इंजिन बंद झाले नाही. जुन्या डिझेल ट्रॅक्टरला बंद करण्याची दांडी वेगळी असते, ती ओढली म्हणजे डिझेल तुटते आणि मगच इंजिन थांबते. त्या माउलीला हे कुणी सांगितलेच नव्हते. रस्त्याने जाणाऱ्या एका ड्रायव्हरने उडी मारून दांडी ओढली तेव्हा चाक थांबले. मुलगा वाचला. पाय राहिला, पण घोट्यात अधू राहिला, आणि त्याचे अर्धे वर्ष दवाखान्यात गेले.

भेटायला गेलो तेव्हा ती आई आम्हाला म्हणाली, "सर, घरात चार वर्षं झाली ट्रॅक्टर येऊन. मी रोज त्याला हळदकुंकू लावते. बंद कसा करायचा ते कुणी दाखवलं नाही." हे वाक्य आमच्या मनातून जात नाही. म्हणून या लेखातला पहिला धडा तोच. घरातल्या प्रत्येक माणसाला, आजीपासून पाचवीतल्या नातीपर्यंत, आपला ट्रॅक्टर बंद कसा करतात हे आजच दाखवा. चालवता आले नाही तरी चालेल, बंद करता आलेच पाहिजे. अपघात झाला तर आधी इंजिन बंद, मग माणसाला हात आणि लगेच १०८ ला फोन, हा क्रम पाठ असू द्या.

आता ट्रॅक्टर उलटतो कसा ते पाहू. त्याची मागची चाके मोठी, इंजिन उंचावर आणि पुढचा भाग त्या मानाने हलका. ओढण्याची साखळी ठरलेल्या खालच्या दांड्याऐवजी उंचावर, मागच्या आसाच्या वर बांधली, तर ओझे हलत नाही आणि पुढची चाके वर उठतात. ट्रॅक्टर मागे पालथा होऊ लागला की सावरण्याची वेळ साधारण पाऊण सेकंदात निघून जाते. तेवढ्यात पाय क्लचवर जात नाही. चिखलात रुतलेला ट्रॅक्टर काढताना असे फार होते. अशा वेळी जोर करू नये. चाकामागची माती खणून शक्यतो मागे घ्यावा, किंवा दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढावा. वळणावरचे गणित नववी-दहावीच्या मुलांना ठाऊक आहे. वेग दुप्पट झाला तर बाहेर फेकणारा जोर चौपट होतो. रिकामा ट्रॅक्टर भरधाव नेणाऱ्याने हे सूत्र एकदा वहीत सोडवून पाहावे.

यावर जगाने उपाय शोधला आहे. १९५९ साली स्वीडन देशाने कायदा केला की प्रत्येक नव्या ट्रॅक्टरला चालकाभोवती मजबूत पोलादी चौकट हवी, म्हणजे ट्रॅक्टर उलटला तरी माणूस चिरडत नाही. त्यानंतर तिथले असे मृत्यू जवळजवळ थांबले. योगायोग असा की त्याच १९५९ साली आयशरच्या फरिदाबादच्या कारखान्यातून भारतात बनलेला पहिला ट्रॅक्टर बाहेर पडला. म्हणजे आपला ट्रॅक्टर जन्मला तेव्हा उपायही जन्मला होता, फक्त तो आपल्याकडे पोहोचला नाही. आपल्या ट्रॅक्टरांवर बहुधा छत असते. ते ऊन अडवते, ट्रॅक्टरचे वजन पेलत नाही. नवा ट्रॅक्टर घेताना पालकांनी टेपरेकॉर्डर आणि झालरीची चौकशी करण्याआधी या चौकटीची चौकशी करावी. चौकट असेल तर पट्टा जरूर बांधावा. चौकट नसेल तर मात्र पट्टा बांधू नये, कारण मग ट्रॅक्टरबरोबर माणूसही खाली जातो.

दुसरा धोका मागच्या फिरत्या दांड्याचा, ज्याला आपण पीटीओ म्हणतो. रोटाव्हेटर, मळणीयंत्र, पाण्याचा पंप यावर चालतो. तो मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ९. दांडा ७ सेंटीमीटर जाडीचा धरला तर त्याचा परीघ सुमारे २२ सेंटीमीटर. ९ गुणिले २२, म्हणजे एका सेकंदात जवळजवळ २ मीटर कापड गुंडाळले जाते. नऊवारी लुगडे साधारण ८ मीटरचे. ते चार सेकंदांत संपते. "अगं बाजूला हो" असे ओरडेपर्यंत सगळे होऊन जाते. म्हणून दांड्यावरचे झाकण काढून फेकू नये, चालू दांडा ओलांडू नये, आणि ओढणी, पदर, उपरणे, मोकळे केस घेऊन त्याच्या जवळ जाऊ नये. मळणीयंत्रात हात जाऊन माणसे थोटी होऊ लागली म्हणून १९८३ साली केंद्र सरकारला धोकादायक यंत्रांचा वेगळा कायदा करावा लागला. कायदा दिल्लीत झाला तरी हात मात्र आपल्यालाच सांभाळायचा आहे.

रस्त्यावरच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या चाकाचे ब्रेक वेगवेगळे असतात, कारण शेतात आखूड वळण घ्यावे लागते. रस्त्यावर येण्याआधी दोन्ही पायदाने खिटीने जोडावीत. नाहीतर घाईत एकच ब्रेक लागतो आणि ट्रॅक्टर गर्रकन फिरतो. उतारावर डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रल करू नये. ट्रॉलीला बहुधा स्वतःचा ब्रेक नसतो, ती मागून ढकलते. ज्या गियरमध्ये चढ चढला, त्याच गियरमध्ये उतरावे. मडगार्डवर कुणीही बसू नये, कारण तिथून घसरलेला माणूस सरळ मागच्या चाकाखाली जातो. आणि रात्री औराद रस्त्यावर ट्रॉली बंद पडली तर मागे चमकणारी पट्टी हवी, दूरवर खूण हवी. टायरला लावलेले दगड काम झाल्यावर उचलून बाजूला टाकावेत. ते रस्त्यातच सोडून जाणाऱ्यामुळे मागून येणारा मोटारसायकलवाला जीव गमावतो.

देखभालीचे म्हणाल तर ट्रॅक्टर किलोमीटरवर नाही, तासांवर म्हातारा होतो. मीटरमधले तास पाहून आणि पुस्तिकेत दिलेल्या वेळी तेल बदलावे. रोज सकाळी, इंजिन थंड आणि जमीन सपाट असताना, तेलाची काडी पाहावी, रेडिएटरमधले पाणी पाहावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडल्याने चेहरे भाजलेली माणसे आपण पाहिली आहेत. आपल्याकडे धूळ फार, म्हणून एअर क्लीनर हंगामात वरचेवर साफ करावा. धूळ आत गेली की इंजिन आतून झिजते. बॅटरीच्या टोकांना पेट्रोलियम जेली, सांध्यांना ग्रीस, चाकांच्या नटांना पाना. डिझेल संध्याकाळी भरून ठेवावे, म्हणजे रिकाम्या टाकीत रात्री दव जमून पाणी होत नाही. आणि रोटाव्हेटर वर उचलून त्याखाली शिरू नये. जॅक असो की हायड्रॉलिक, खाली लाकडी ओंडका दिल्याशिवाय विश्वास ठेवू नये.

पालकांची अडचण आम्हाला कळते. मजूर मिळत नाही, ड्रायव्हर परवडत नाही, कारखान्याची पाळी निघून जाते, मग घरचे पोर कामाला येते. एका पालकांनी आम्हाला सरळ विचारले, "सर, तुम्ही काय येऊन ऊस वाहणार का?" प्रश्न रास्त आहे. परंतु कायदाही पाहावा. १८ वर्षांखालच्या मुलाला सार्वजनिक रस्त्यावर ट्रॅक्टर चालवता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याने गुन्हा केला तर पालक किंवा मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी १२ महिने रद्द होऊ शकते, आणि त्या मुलाला वयाची २५ वर्षे होईपर्यंत परवाना मिळत नाही. ट्रॉलीत बसलेल्या वऱ्हाडाची भरपाई द्यायला विमा कंपनी नकार देऊ शकते. शेतात हा कायदा येत नाही हे खरे, पण बांधावरून कलंडणारा ट्रॅक्टर मुलाचे वय विचारत नाही.

आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. तिकडे ट्रकच्या मागे आणि घाटाच्या वळणावर "सावधानी हटी, दुर्घटना घटी" असे लिहिलेले असे. चार शब्दांत सगळे आले. पण पाटी वाचून सवय लागत नाही, करून लागते. म्हणून शाळेने काही गोष्टी ठरवल्या आहेत. यापुढे ट्रॅक्टर किंवा ट्रॉलीवरून आलेल्या मुलाला त्या दिवशी वर्गात घेऊ, परत पाठवणार नाही, पण त्याच संध्याकाळी आम्ही त्याच्या घरी जाऊ. हंगाम सुरू होण्याआधी एका रविवारी मैदानात एक ट्रॅक्टर उभा करून मुलांना, आणि मुख्यतः मुलांच्या आयांना, बंद करण्याची दांडी, ब्रेकची खिटी आणि पीटीओचे झाकण दाखवले जाईल. पायाला दुखापत झालेला आपला विद्यार्थी त्या दिवशी दाखवायला स्वतः उभा राहणार आहे. तसे त्यानेच आम्हाला येऊन सांगितले. विश्वस्त मंडळाला आमची एकच विनंती आहे. गावातल्या प्रत्येक ट्रॉलीला पुरेल इतकी चमकणारी पट्टी शाळेच्या खर्चाने आणावी. चिकटवण्याचे काम आठवी-नववीची मुले करतील.

खंडेनवमीला आपण ट्रॅक्टर धुतो, झेंडूचा हार घालतो, नारळ फोडतो. यंदा नारळ फोडण्याआधी ब्रेक तपासा, नट आवळा, फुटलेला दिवा बदला, आणि घरातल्या बाईमाणसाला बोलावून दांडी ओढायला लावा. तेवढे झाले की मग आरती करा.

आपले,
मुख्याध्यापक